गाडी तं गेली, पण कंपनी म्हणते गेली नाही

हा भाग खरं तर थर्ड पार्टी विम्यावर करायचं ठरलं होतं. पण मध्येच सिरोंच्याहून एका श्रोत्याचा व्हॉईस मेसेज आला. सव्वाचार मिनिटांचा, मागे ट्रॅक्टरचा आवाज. त्यातलं पहिलंच वाक्य असं: "भाऊ, गाडी तं पुरी गेली. पण कंपनीवाले म्हणतात, गेली नाही."

तो मेसेज मी तीनदा ऐकला. मग त्यांच्याशी फोनवर दोन-तीन वेळा बोलणं झालं, कागद मागवले. त्यांच्या परवानगीने, नाव आणि कंपनी वगळून, आकडे जरा गोल करून त्यांचं प्रकरण इथे मांडतोय. कारण अपघातात गाडीचं मोठं नुकसान झालं की जो वाद होतो, दुरुस्त करायची की 'टोटल लॉस' धरून पैसे द्यायचे, तो या एका प्रकरणात जवळजवळ पूर्ण सापडतो.

झालं असं. फेब्रुवारीची रात्र. आईला अहेरीच्या दवाखान्यातून घरी आणत होते. आलापल्ली ते सिरोंचा हा साधारण शंभर किलोमीटरचा रस्ता. कागदावर राष्ट्रीय महामार्ग, नंबर ३५३-सी. तो किती वर्षं कसा होता हे त्या भागातल्या माणसाला सांगायला नको. उमानूरच्या अलीकडे खड्डा चुकवायला स्टिअरिंग वळवलं आणि बोलेरो सागाच्या झाडावर. आईचं मनगट मोडलं, बाकी सगळे बचावले. गाडीचं तोंड मात्र आत गेलं.

आता सिरोंच्यात मोठं अधिकृत वर्कशॉप नाही. गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या पुढे. त्यामुळे इकडचे लोक करतात तेच त्यांनी केलं. क्रेन बोलावली, टोचन लावलं, प्राणहितेचा पूल ओलांडला आणि चेन्नूरमार्गे गाडी तेलंगणात मंचेरियालला नेली. क्रेनचे १६ हजार. पॉलिसी देशभर चालते, त्यामुळे दुसऱ्या राज्यात दुरुस्तीला काहीच अडचण नसते. पण साध्या खासगी कारच्या पॉलिसीत गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत नेण्याचा खर्च १,५०० रुपयांपर्यंतच मिळतो. दीड हजार! पुण्यात, नागपुरात तेवढ्यात भागत असेल कदाचित. जंगलातून क्रेन लागते तिथे हा आकडा वाचून हसावं की रडावं कळत नाही. जास्त रकमेचं टोइंग कव्हर वेगळं घेता येतं. सिरोंचा, भामरागड, एटापल्लीकडच्या मंडळींनी ते जरूर विचारावं.

वर्कशॉपने एस्टिमेट दिलं ५ लाख २० हजारांचं. पॉलिसीवर गाडीची किंमत होती ६ लाख. श्रोत्याचं म्हणणं: ७५ टक्क्यांच्या वर खर्च गेला की टोटल लॉस, असं एजंट म्हणाला होता. ६ लाखांचे ७५ टक्के साडेचार लाख. मग ५ लाख २० हजार म्हणजे टोटल लॉसच की! कंपनीचं म्हणणं: नाही, आमच्या हिशेबाने ६५ टक्केच होतात. दुरुस्त करून घ्या.

एकच गाडी, एकच एस्टिमेट. एकाच्या हिशेबाने जवळजवळ ८७ टक्के, दुसऱ्याच्या हिशेबाने ६५. आणि दोघंही खोटं बोलत नव्हते. कसं ते सांगतो.

आधी ती ६ लाखांची किंमत. पॉलिसीवर 'आयडीव्ही' असं लिहिलेलं असतं. गाडीच्या कंपनीची छापील विक्री किंमत, त्यातून वयाप्रमाणे घसारा वजा. सहा महिन्यांच्या आतल्या गाडीला ५ टक्के, वर्षाच्या आत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५० टक्के. पाचच्या पुढे कंपनी आणि मालक यांच्यात ठरेल ती. रोड टॅक्स, पासिंग, विम्याचा हप्ता यातलं काही त्यात धरत नाहीत. आपल्या श्रोत्याची गाडी पॉलिसी सुरू होताना तीन वर्षं पूर्ण झालेली. छापील किंमत १० लाख धरा, ४० टक्के गेले, राहिले ६ लाख. गाडी पूर्ण गेली तर कंपनीची जबाबदारी जास्तीत जास्त एवढीच.

आता ते ७५ टक्के. हे एजंटने मनाने सांगितलेलं नव्हतं, पॉलिसीतच आहे. २००२ च्या इंडिया मोटर टॅरिफपासून चालत आलेली ही अट आहे आणि आजही बहुतेक पॉलिसींमध्ये तशीच दिसते. अर्थ असा: गाडी बाहेर काढण्याचा आणि दुरुस्तीचा मिळून खर्च, पॉलिसीच्या अटींना धरून, आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला, तर गाडी दुरुस्त होण्यासारखी असली तरी ती पूर्ण गेली असं धरायचं.

सगळी भानगड आहे ती 'पॉलिसीच्या अटींना धरून' या तीन शब्दांत. मालक ते शब्द सोडून वाचतो. कंपनी ते शब्द धरून वाचते.

कारण अटींमध्ये काय आहे? सुट्या भागांवरचा घसारा. गाडीच्या किमतीवरचा घसारा वेगळा, सुट्या भागांवरचा वेगळा. दोन्हींची गल्लत करू नका. रबर, प्लॅस्टिक, नायलॉन, टायर-ट्यूब, बॅटरी, एअरबॅग यांवर सरळ ५० टक्के कापतात. फायबरवर ३०. काचेवर काही नाही. लोखंडी आणि बाकीच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे: सहा महिन्यांपर्यंत शून्य, वर्षापर्यंत ५, दोन वर्षांपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४० आणि त्यापुढे ५० टक्के. रंगकामात एकूण बिलाचा चौथा हिस्सा हा रंगाचा माल समजतात आणि त्यावर ५० टक्के कापतात. मजुरीवर घसारा नाही.

मी त्यांच्या एस्टिमेटवर पेन्सिल घेऊन बसलो. लोखंडी भाग २ लाख ४० हजार, त्यावर २५ टक्के म्हणजे ६० हजार गेले. प्लॅस्टिक, एअरबॅग, बॅटरी वगैरे १ लाख २० हजार, निम्मे गेले, परत ६० हजार. काचा ३० हजार, पूर्ण मंजूर. मजुरी ८० हजार, पूर्ण मंजूर. रंगकाम ५० हजार, त्यातले ६,२५० गेले. एकूण कपात १ लाख २६ हजार २५०. वर सक्तीची कपात, दीड हजार सीसीपर्यंतच्या कारला १,००० रुपये. राहिले ३ लाख ९२ हजार ७५०. हे ६ लाखांच्या साडेपासष्ट टक्के.

म्हणजे सर्व्हेअरने घसारा आधी कापला आणि मग ७५ टक्क्यांशी तुलना केली. मालकाने आधी तुलना केली.

कोण बरोबर? माझं मत विचाराल तर शब्दांचा कौल कंपनीच्या बाजूला थोडा जास्त झुकतो. पण हिशेब नेमका कसा मांडायचा हे पॉलिसी उदाहरण देऊन सांगत नाही, आणि विम्याच्या करारातला संदिग्ध शब्द करार लिहिणाऱ्याच्या, म्हणजे कंपनीच्या, विरुद्ध वाचायचा असं तत्त्व न्यायालयं वापरत आली आहेत. त्यामुळे भांडायला जागा आहे. फक्त 'एजंट म्हणाला होता' एवढ्यावर भांडू नका. सर्व्हेअरने कोणता आकडा धरला ते आधी लेखी मागा.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. हीच गाडी, पण पॉलिसीबरोबर 'झिरो डेप'चं कव्हर असतं, तर घसाऱ्याची कपात जवळजवळ नसतीच. तेव्हा कंपनीचा स्वतःचा हिशेबही साडेचार लाखांच्या वर गेला असता आणि वादच झाला नसता. झिरो डेप म्हणजे बंपर फुकट मिळणं एवढंच लोकांना वाटतं. टोटल लॉसची रेषा ओलांडली जाते की नाही, हेही त्यावर ठरू शकतं.

आता कंपनी दुरुस्तीचा आग्रह का धरते? दरवेळी धरते असं नाही. तिचं गणित सोपं आहे. दुरुस्ती मंजूर केली तर ३ लाख ९३ हजार द्यायचे. टोटल लॉस धरला तर ६ लाखांतून हजार वजा जाऊन ५ लाख ९९ हजार द्यायचे, पण मग गाडीचा सांगाडा विकून पैसे परत येतात. सांगाडा दीड लाखाला जाईल असं वाटलं तर कंपनीला साडेचार लाखांचा फटका, दुरुस्ती स्वस्त. तोच सांगाडा अडीच लाखांना जाईल असं वाटलं तर टोटल लॉस स्वस्त. बोलेरो, स्कॉर्पिओ, इनोव्हा यांच्या सांगाड्यांना गिऱ्हाईक बरं मिळतं. त्यामुळे अशीही प्रकरणं असतात की मालक म्हणतो दुरुस्त करा आणि कंपनी म्हणते गाडी सोडा.

हा उलटा वाद आपल्या भागात जास्त त्रासाचा आहे. समजा नऊ वर्षांची गाडी. हप्ता कमी बसावा म्हणून आयडीव्ही लावली २ लाख. बाजारात तशी गाडी साडेतीनच्या खाली मिळत नाही. अपघात झाला, कंपनीच्या हिशेबाने खर्च १ लाख ६० हजार. दीड लाखाची रेषा ओलांडली, टोटल लॉस. तुम्हाला गाडी हवी आहे, कारण तिच्यावर किराणा येतो, मिरचीची पोती जातात, रात्री बाईमाणूस अडलं तर दवाखान्यात तीच जाते. दोन लाखांत दुसरी येत नाही. वर्षाला हजार-दोन हजार वाचवले होते, ते इथे असे उलटतात.

अशा वेळी एक मधला रस्ता असतो आणि तो बऱ्याच जणांना कुणी सांगतच नाही. टोटल लॉस झाला तरी सांगाडा कंपनीलाच द्यायचा असं नसतं. पॉलिसीचे शब्दच असे आहेत की आयडीव्हीतून सांगाड्याची किंमत वजा करून उरलेली रक्कम देय. म्हणजे लिलावात सांगाड्याला ९० हजारांची बोली आली असेल, तर २ लाखांतून ते आणि सक्तीची कपात वजा करून १ लाख ९ हजार तुम्ही घ्यायचे आणि सांगाडाही तुमच्याकडे ठेवायचा. मग ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून जुने भाग टाकून हळूहळू गाडी उभी करायची. आमच्याकडे चंद्रपुरात अशा उभ्या केलेल्या गाड्या भरपूर फिरतात. चांगली कल्पना आहे का? चेसिस सरळ असेल तर हो. चेसिस वाकली असेल तर नका करू, पुढची रात्र आणखी वाईट जाईल.

सांगाडा दिलात तर मात्र आरसी बुकाकडे लक्ष ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकाने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि नोंदणी रद्द करून घ्यायची असते. सांगाडा विकत घेणारा म्हणतो, "साहेब, आरसी पण द्या, मी बघतो." काय बघतो? तुमच्या गाडीचा चेसिस नंबर चोरीच्या गाडीवर चढवून ती रस्त्यावर आणता येते. मग पोलीस तुमच्या दारात. सांगाडा दुरुस्त होऊन खरंच चालणार असेल तर रीतसर नाव बदलून द्या, नसेल तर नोंदणी रद्द करून घ्या. एमएच-३३ असेल तर त्यासाठी गडचिरोलीला खेप पडेल. पडू द्या.

बरं, पुन्हा सिरोंच्याच्या गाडीकडे.

मी त्यांना पहिला प्रश्न विचारला: गाडी खोलली का? म्हणाले, नाही, बाहेरूनच बघून एस्टिमेट केलं. इथेच पुष्कळ लोक फसतात. समोरून ठोकलेल्या गाडीचं खरं नुकसान बॉनेट, रेडिएटर, बंपर काढल्याशिवाय कळत नाही. पहिलं एस्टिमेट कमी येतं, कंपनी दुरुस्ती मंजूर करते, मालक सही करतो. काम सुरू झाल्यावर कळतं की इंजिनाचे माउंट तुटलेत, चेसिस वाकली आहे. मग पुरवणी एस्टिमेट. पण तोपर्यंत निम्मे भाग मागवलेले, गाडी मोकळी केलेली. टोटल लॉसची वेळ निघून गेलेली. म्हणून दुरुस्तीला होकार देण्याआधी लेखी सांगायचं: गाडी खोलून, सर्व्हेअरच्या समोर पाहणी करा, चेसिसचं माप घ्या, मग ठरवू. खोलण्याची मजुरी कोण देणार हेही त्याच ईमेलमध्ये विचारा, नाहीतर टोटल लॉस झाल्यावर वर्कशॉप ते बिल तुमच्याकडे सरकवतं. पार्किंगचे रोजचे किती, हे पण.

सर्व्हेअरबद्दल थोडं. मोटारीचा ५० हजारांच्या वरचा क्लेम असेल तर परवानाधारक सर्व्हेअरची पाहणी लागते, तो विमा कायद्याच्या कलम ६४-यूएमचा विषय. सर्व्हेअर कंपनी नेमते, फी कंपनी देते, पण तो कंपनीचा नोकर नसतो. जून २०२४ च्या आयआरडीएआयच्या मास्टर सर्क्युलरप्रमाणे क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल आल्यावर ७ दिवसांत कंपनीने निर्णय कळवायचा. या तारखा वहीत लिहून ठेवा. अहवालाची प्रत मागा, ती मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. फोनवर मागू नका, ईमेलने मागा.

आणि सर्व्हेअर म्हणाला म्हणजे देव बोलला असंही नाही. २००९ साली न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सचं एका ट्रकचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. मालकाचा दुरुस्तीचा खर्च १ लाख ५८ हजारांच्या वर, सर्व्हेअरचा आकडा ६३ हजारांच्या आसपास. न्यायालयाने सांगितलं की सर्व्हेअरचा अहवाल हा क्लेमचा पाया असू शकतो, पण तो शेवटचा शब्द नाही, तो ना कंपनीला बांधतो ना मालकाला. ट्रकमालकाला त्याचा खर्च मिळाला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका निकालात न्यायालयाने असंही म्हटलं की मनासारखा अहवाल येईपर्यंत, कारण न देता, कंपनीने एकामागून एक सर्व्हेअर नेमत बसायचं नाही.

टोटल लॉसमध्ये किमतीवरून वाद असेल तर २००८ चं टाटा सुमोचं प्रकरण लक्षात ठेवा. ओरिएंटल इन्शुरन्सने पॉलिसी देताना गाडीची किंमत ३ लाख ५४ हजार धरली, त्यावर हप्ता घेतला. सात महिन्यांत अपघात. गाडी पूर्ण गेली आणि आता कंपनीचा सर्व्हेअर म्हणतो किंमत १ लाख ८० हजारच. सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं नाही. हप्ता घेताना जी किंमत मान्य केली, तीच क्लेमच्या वेळी धरायची. हप्ता मोठ्या आकड्यावर आणि भरपाई लहान आकड्यावर, असं चालणार नाही. सुमो ही आपल्या भागाची गाडी, म्हणून हे प्रकरण मला जरा जास्तच जवळचं वाटतं.

अजून दोन गोष्टी, सिरोंच्याच्या लोकांसाठी खास.

एक, पूर. जुलै २०२२ मध्ये गोदावरी आणि प्राणहिता कशा आल्या होत्या हे तिथल्यांना आठवतं. गावं खाली करावी लागली होती, खाली भद्राचलमला पातळी ७१ फुटांच्या वर गेली होती. अशा पुरात उभ्या गाडीत पाणी शिरलं तर ते नुकसान सर्वसमावेशक पॉलिसीत येतं. पण पाणी ओसरल्यावर तुम्ही चावी फिरवलीत आणि इंजिनात पाणी जाऊन ते जाम झालं, तर कंपनी म्हणते की हे नुकसान पुराने केलं नाही, तुम्ही केलं. इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर नसेल तर इंजिनाचा खर्च हिशेबातून बाहेर. आणि पुराच्या गाडीत मोठा खर्च इंजिन आणि वायरिंगचाच असतो. तो बाहेर गेला की ७५ टक्के गाठलेच जात नाहीत. म्हणून पाण्यातली गाडी सुरू करायची नाही, ढकलून गिअरमध्ये टाकायची नाही. फोटो काढायचे, पाणी कुठवर होतं ती चिखलाची रेघ दिसेल असे, आणि टोचनच लावायचं.

दोन, पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने चालवणं. एसटी गेली की पुढची कधी येईल सांगता येत नाही, त्यामुळे लोक बसतात, मालक पैसे घेतो. मी उपदेश करत नाही. पण खासगी पॉलिसीत भाड्याचा वापर बसत नाही आणि अपघाताच्या वेळी भाडं चालू होतं हे पंचनाम्यात आलं की कंपनी क्लेम नाकारते. अशा एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली पूर्ण नकार मान्य केला नाही, क्लेमच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम द्यावी असं म्हटलं. हे ७५ टक्के वेगळे बरं का, वरच्या रेषेशी याचा संबंध नाही. त्यामुळे 'भाडं होतं, आता काही मिळणार नाही' म्हणून घरी बसू नका. आणि अर्थात, हे सगळं गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा असेल तरच. फक्त थर्ड पार्टी असेल तर दुरुस्ती की टोटल लॉस हा प्रश्नच येत नाही, सगळं खिशातून.

कंपनी ऐकत नसेल तर? आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी. महिनाभरात उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर विमा लोकपाल. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद चालतात, तक्रार ऑनलाइन करता येते. कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून वर्षाच्या आत जायचं. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुम्हाला नाही पटला तर तुम्ही पुढे जाऊ शकता. दुसरा रस्ता जिल्हा ग्राहक आयोगाचा, मुदत दोन वर्षं. श्रोत्याने मला विचारलं होतं, "भाऊ, गाडी तेलंगणात, कंपनीचं हापिस नागपुरात, मंग केस कुठं टाकायची?" २०१९ च्या ग्राहक कायद्याने याचं उत्तर सोपं केलंय. तुम्ही जिथे राहता तिथे. म्हणजे गडचिरोलीला. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, आणि ही रक्कम तुम्ही भरलेल्या हप्त्यावरून मोजतात, मागितलेल्या भरपाईवरून नाही.

त्यांना तिथवर जावं लागलं नाही. त्यांनी ईमेल केला, पाच ओळींचा, मुलीने टाइप करून दिला: कोणत्या आकड्यावर ६५ टक्के काढले ते कळवा, गाडी खोलून पाहणी करा, क्रेनचं बिल सोबत जोडलं आहे. कंपनीने क्रेनचे १,५०० रुपयांच्या वर काही धरायला नकार दिला. त्यावर पुढे भांडता आलं असतं. पण सर्व्हेअर परत आला, गाडी खोलली आणि बोलेरोची चेसिस पुढून वाकलेली निघाली. पुरवणी आली: चेसिस आणि स्टिअरिंगचे भाग ८४ हजार, मजुरी २० हजार. भागांवर २५ टक्के कापले तरी ८३ हजारांची भर. ३ लाख ९२ हजार ७५० अधिक ८३ हजार, ४ लाख ७५ हजार ७५०. कंपनीच्याच पद्धतीने ७९ टक्के झाले.

टोटल लॉस मंजूर झाला. सांगाड्याला बोली आली २ लाख १० हजारांची. गंमत बघा, म्हणजे कंपनीच्या खिशातून शेवटी ३ लाख ८९ हजारच गेले, पहिल्या दिवशी दुरुस्तीसाठी जे द्यायला निघाली होती त्याहूनही थोडे कमी. दीड महिना कशासाठी घालवला, देव जाणे.

५ लाख ९९ हजारांतले २ लाख ४० हजार आधी बँकेला गेले, गाडीवर कर्ज होतं म्हणून. वर्कशॉपने पार्किंगचे ११ हजार लावले, ते घासाघीस करून ७ वर आले. हातात राहिले साडेतीन लाख. आरसी रद्द करायला ते गडचिरोलीला एसटीने गेले, सकाळची पहिली गाडी पकडून, मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परत. आईच्या हाताचं प्लास्टर निघालंय. आता त्यांचा नवा मेसेज आलाय: "भाऊ, जुनी बोलेरो पाहून ठेवली हाय, तिचा विमा कसा काढू?" आयडीव्ही कमी लावू नका, झिरो डेप त्या वयाच्या गाडीला मिळतंय का विचारा आणि टोइंगचं कव्हर घ्या, एवढं तूर्त कळवलंय.